साठावा दिवस

मद्रास रोपवाटिका व्यवसाय मंडळाच्या पहिल्या प्रमाणपत्र वर्गाचा अभ्यासक्रम मी तयार केला होता, हे मी आरंभीच नमूद करतो. पुढे जे घडले त्याची जबाबदारी ठरवताना या गोष्टीचा उपयोग होतो.

१९६५ साली मी एकोणसाठ वर्षांचा होतो. गिंडीला स्थापत्याचे तांत्रिक शिक्षण घेऊन मी पाणीपुरवठा खात्यात तेहतीस वर्षे काढली आणि ओव्हरसिअर म्हणून निवृत्त झालो. निवृत्तीनंतर घराच्या गच्चीवर दोनशे बारा कुंड्या मांडल्या. मंडळाचे चिटणीस व्यासराज हे वकील होते. ते एकदा सहज आले असता गच्चीवर आले. प्रत्येक कुंडीवर क्रमांक होता, प्रत्येक क्रमांकाला वहीत पान होते, आणि रांगा दोरी लावून सरळ केलेल्या होत्या. "चंद्रमौळीराव, आमच्या वर्गाला असाच माणूस हवा," ते म्हणाले. झाडे कशी आहेत हे त्यांनी विचारले नाही. मीही तो विषय काढला नाही.

वर्गाची आवश्यकता अंबत्तूरमुळे निर्माण झाली. तेथील नव्या औद्योगिक वसाहतीच्या रस्त्यांच्या दुतर्फा झाडे लावायची होती. ज्या रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाकडे मान्य वर्गाचे प्रमाणपत्र असेल, तिचीच रोपे घेण्यात येतील, असे तेथील कार्यालयाने जाहीर केले. पुरवठादारांची यादी ३१ जानेवारी १९६६ रोजी बंद होणार होती आणि ती तीन वर्षे चालणार होती. आठवड्याच्या आत बारा विद्यार्थ्यांनी नावे नोंदवली. त्यांतील क्रमांक सात ही माझी चुलत बहीण तुळजा अक्का होती.

अक्का त्रेसष्ट वर्षांची होती. यजमान गेल्यापासून सैदापेठेत नदीकाठची रोपवाटिका ती एकटीच चालवीत होती, त्याला एकतीस वर्षे झाली होती. अंबत्तूरची बोलणी प्रथम निघाली तेव्हाच तिने करंज आणि कडुलिंब यांची चार हजार रोपे कुंड्यांत धरली होती. आता त्यांची मुळे कुंडीच्या भोकातून बाहेर येऊन जमिनीत शिरू लागली होती. कुंडीतले झाड आणखी तीन वर्षे थांबत नाही. ते जगते, परंतु रस्त्यावर लावण्याजोगे राहत नाही.

ती नाव घालायला आली तेव्हा मी तिला समजावण्याचा प्रयत्न केला.

"अक्का, तू कशास येतेस? तुज सगळं येतं."

"मज येतं ते मज ठाऊक. अंबत्तूरच्या हापिसास ठाऊक नाही की. कागद दे, मी जाते."

"कागद सहा महिन्यांनी मिळतो. आधी शिकावं लागतं."

"सहा महिने तू शिकवणार? मज?"

"हो."

"सरी," ती म्हणाली. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ 'बरे' असा होतो. अक्का तो 'काय हे नशीब' या अर्थाने वापरीत असे. "डबा आणू, का जेवायला घरी सोडतोस?"

वर्ग पूनमल्ली रस्त्यावरच्या मंडळाच्या आमराईत सकाळी भरे. मी तमिळमध्ये शिकवीत असे. पहिल्याच दिवशी मी नियम वाचून दाखवले: शिक्षकास 'सर' म्हणावे, विद्यार्थ्यांस क्रमांकाने पुकारले जाईल. अक्काने नियम पाळला. "सर," ती मराठीत म्हणाली, "तुझ्या धोतराचा सोगा बादलीत गेलाय."

ती माझ्याशी नेहमी मराठीत बोलत असे. आमची तंजावरी मराठी वर्गात दुसऱ्या कोणालाच समजत नाही, अशी माझी समजूत होती, त्यामुळे मी तिचे बोलणे रोखले नाही. मात्र ती काही बोलली की थोड्या वेळाने सारा वर्ग हसत असे. हसण्यापूर्वी हा एवढा अवकाश का जातो, याचा मला उलगडा होत नव्हता. विद्यार्थी क्रमांक एक उमाकांत हा सोलापूरकडचा, चार वर्षांपूर्वी मद्रासला बियाण्यांच्या दुकानात आलेला तरुण होता. तो तिचे प्रत्येक वाक्य हळू आवाजात तमिळ करून मागच्या बाकांपर्यंत पोहोचवतो, हे मला चौथ्या महिन्यात कळले. तोवर बरेच पोहोचले होते.

ऑक्टोबरात आंब्याचे भेटकलम शिकवायचे होते. यात कोयीपासून वाढवलेले रोप कुंडीसह मोठ्या झाडाच्या फांदीजवळ नेतात, दोघांची साल थोडी तासून त्या जागी एकमेकांस घट्ट बांधतात, आणि जोड जुळला की फांदी मूळ झाडापासून कापून घेतात; याला कलम उतरवणे म्हणतात. कुंडी फांदीपर्यंत उचलायची तर खाली मचाण लागते. ते मी स्वतः आखले. त्याला अठ्ठेचाळीस खांब होते, आणि पातळी तपासण्याच्या काचनळीतील बुडबुडा प्रत्येक फळीवर मध्यभागी राही. अशी मचाणे मी पूर्वी पाण्याच्या टाक्यांखाली बांधली होती. पंचवीस ऑक्टोबरला प्रत्येक विद्यार्थ्याने बंगनपल्ली आंब्याच्या फांद्यांवर दहा दहा कलमे बांधली. एकूण एकशेवीस झाली. बांधणी केळीच्या सोपटाने केली होती. मी ती मोजपट्टीने तपासली आणि फळ्यावर लिहिले: 'साठावा दिवस, २४ डिसेंबर. कलमे उतरवणे. अंतिम परीक्षा.'

अक्काने हात वर केला.

"साठ कुठून आलं?"

"पुस्तकात आहे. आणि तत्त्व सोपं आहे. काँक्रीट घातलं की अठ्ठावीस दिवस पाणी द्यावं लागतं. अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस. ऊन असो, पाऊस असो. जोडालाही मुदत असते."

"मग काँक्रीटला आंबे धरतात का?"

नेहमीचा अवकाश गेला आणि वर्ग हसला. मी नोंदवहीत लिहिले: 'क्रमांक सात. शिस्त: साधारण.'

"मार्गळीत झाड निजतं रे," अक्का पुढे म्हणाली. मार्गळी म्हणजे तमिळ मार्गशीर्ष-पौष. मद्रासला थंडी म्हणतात ती त्याच महिन्यात पडते. "पाऊस सरला, दव पडलं, की आतलं पाणी सावकाश चालतं. तेव्हा साठ नाही पुरत."

"मग किती पुरतात? आकडा सांग."

"मज काय ठाऊक आकडा. पाहते तेव्हा कळतं."

पाहते तेव्हा कळतं हे अभ्यासक्रमात घालता येत नव्हते. मी साठ कायम ठेवले.

चोवीस डिसेंबरला बाहेरचे परीक्षक आले. ते एका सरकारी बागेचे निवृत्त अधीक्षक होते आणि त्यांची परतीची गाडी चार वाजता होती. दहा कलमे उतरवायला चाळीस मिनिटे दिली होती. उमाकांतने बावीस मिनिटांत दहाही कापली आणि चाकू पुसून खिशात घातला. इतर दहा जणही वेळेत होते. परीक्षकांनी काप पाहिले आणि सर्वांना चांगले गुण दिले. काप खरोखर सरळ होते. ते मीच शिकवले होते.

अक्का आपल्या दहा कलमांभोवती फिरत होती. तिने चार दिवस आधी त्यांतल्या एका फांदीला जोडाच्या खाली चाकूने अर्धवट खाच दिली होती. फांदीला मूळ झाडाकडून येणारे पाणी त्यामुळे कमी झाले होते. आता ती त्या फांदीच्या पानांखाली हात धरून उभी राहिली. पाने मान टाकून लोंबत होती.

"नंबर सात, वेळ सुरू आहे," मी म्हणालो.

"असू दे की."

"अक्का, चाकू घे."

"आज कापलं तर मरतात रे. अजून आईचंच पाणी पितात. या कुंडीतल्या खुंटाचा एक थेंब वर जात नाही. बघ, खाच दिली तेवढ्यानं ही कशी झाली."

"न कापल्यास शून्य आहे."

"लिही."

"शून्य म्हणजे नापास. अंबत्तूरची यादी—"

"मज ठाऊक आहे यादी. चार हजार रोपं माझी आहेत, तुझी नव्हेत. दहा मारून चार हजार जगवू म्हणतोस? लिही म्हणते की."

परीक्षकांनी घड्याळ पाहिले आणि माझ्याकडे पाहिले. मी लिहिले. शून्य काढताना मी त्याचे तोंड नेहमी नीट जुळवून घेतो. त्या दिवशीही घेतले.

अठ्ठावीस डिसेंबरला व्यासराजांनी अकरा प्रमाणपत्रे वाटली. प्रत्येकाला एकेक हार आणि एकेक लिंबू देण्यात आले. अक्का आली नव्हती. तिने आमच्या घरी डब्यात मुरुक्कू, म्हणजे तांदळाच्या चकल्या, पाठवले होते. डिसेंबरात ती दरवर्षी पाठवीत असे.

"नापास केलंत आणि तिचंच खाता?" माझी पत्नी गोदा म्हणाली.

मी डबा रिकामा करून परत पाठवला. रिकामा डबा परत पाठवू नये हे मला नंतर आठवले.

उतरवलेली एकशेदहा कलमे आमराईत सावलीत ठेवली होती. मी रोज सकाळी जाऊन ती मोजत असे. अठ्ठावीस तारखेला सहा सुकली होती. तीस तारखेला एकतीस. दोन जानेवारीला सत्तर. चार जानेवारीला त्र्याण्णव. उमाकांतची दहाही गेली होती. सर्वांत सरळ काप त्याचेच होते. अक्काची दहा कलमे वर मचाणावर झाडाला धरून उभी होती आणि त्यांची पाने हिरवी होती.

त्या संध्याकाळी मी पुस्तक पुन्हा काढले. साठ दिवसांचा आकडा दहाव्या पानावर होता. त्यापूर्वीच्या प्रस्तावनेत ग्रंथकर्त्याने लिहिले होते की त्याचे सर्व प्रयोग बंगालमध्ये, ज्येष्ठ-आषाढाच्या उष्ण पावसात केलेले आहेत. अन्यत्र आकडे बदलतील. प्रस्तावना परीक्षेला नसते, म्हणून मी ती वाचली नव्हती.

दुसऱ्या सकाळी मी सैदापेठेला गेलो. अक्का चार हजार कुंड्या एकेक करून उचलत होती. भोकातून जमिनीत गेलेले मूळ कात्रीने छाटायचे आणि कुंडी परत ठेवायची, असे तिचे काम चालले होते. ती सातव्या रांगेत होती. रांगा पन्नास होत्या.

"हे किती वेळा करायचं?" मी विचारले.

"हे दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा छाटलं की झाड खुजं राहतं. मग देवळापुढे ठेवायला बरं, रस्त्याला नाही."

"अक्का, कलमं सुकली. त्र्याण्णव."

"हं." तिने पुढची कुंडी उचलली.

"तुला माहीत होतं, तर इतरांना का नाही सांगितलंस?"

"तुज सांगितलं की. वर्गात. हात वर करून." ती कुंडीमागून माझ्याकडे पाहत होती. "त्यांनी सरांचं ऐकावं, का क्रमांक सातचं?"

मी वही उघडली. मी विचारले, "जोड जुळला हे तुला कसं कळतं? आकडा नको. तू काय काय पाहतेस ते सांग."

तिने सांगितले. खाच द्यायची. भर दुपारी पान पाहायचं. मान टाकली तर खाच मातीने लिंपून थांबायचं. ताठ राहिलं तर चार दिवसांनी खाच अर्ध्यापर्यंत न्यायची आणि पुन्हा दुपार पाहायची. तेव्हाही ताठ राहिलं तर कापायचं. मी ते वहीत उतरवून घेतले. एका पानाहून कमी भरले. त्यात एकही आकडा पक्का नव्हता, पण कोणती पायरी केव्हा घ्यायची हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट होते. अभ्यासक्रमात घालता येण्याजोगी ती पहिली गोष्ट होती.

पाच जानेवारीला मी मंडळाला अहवाल दिला. त्यात लिहिले होते की साठ दिवसांचा नियम चुकीचा होता. विद्यार्थ्यांनी शिकवल्याप्रमाणे केले म्हणून कलमे मेली. चूक शिक्षकाची आहे. परीक्षा रद्द करून फेरपरीक्षा घ्यावी. आठ तारखेच्या सभेआधी व्यासराजांनी मला बाजूला घेतले.

"तुम्ही हा मागे घेतलात तर तो आलाच नाही असं मी समजेन."

"तो आला आहे. आवक क्रमांक चार."

"अकरा प्रमाणपत्रं परत घ्यावी लागतील, चंद्रमौळीराव. हार घालून दिलीत."

"हारांबद्दल मी काही लिहिलेलं नाही."

सभेला अकराही जण आले. उमाकांतने प्रमाणपत्राला काचेची चौकट करून घेतली होती; ती त्याने टेबलावर ठेवली.

"सर, आम्ही तुमचंच ऐकलं," तो म्हणाला. "ऐकणारे सगळे नापास, आणि ऐकलं नाही ती बाई पास. ती तुमची बहीण आहे. लोक काय म्हणतील?"

त्याचे पहिले वाक्य खरे होते. मी एवढेच सांगितले की फेरपरीक्षेच्या दिवशी मी आमराईच्या आत पाऊल ठेवणार नाही, आणि निर्णय परीक्षकांचाच राहील. दोन तास चर्चा झाली. ठराव असा झाला: अकरा प्रमाणपत्रे रद्द, ज्यांची कलमे अद्याप झाडावर आहेत अशा सर्वांची फेरपरीक्षा अठरा जानेवारीस, कलमे आठ दिवस जगल्यासच प्रमाणपत्र, बाकीच्यांना पुढील वर्गात बिनशुल्क प्रवेश. अट सर्वांना सारखी होती. ती पूर्ण करू शकणारी व्यक्ती एकच होती, एवढेच.

"चौकटीसकट परत द्यायचं का?" उमाकांतने विचारले.

यावर स्वतंत्र चर्चा होऊन चौकट उमेदवाराची राहील असे इतिवृत्तात नोंदवण्यात आले.

अठरा जानेवारीला, पोंगल उरकून चार दिवस झाले असता, मी आमराईच्या कुंपणाबाहेर छत्री घेऊन उभा राहिलो. उमाकांत परीक्षा पाहायला आत गेला होता. तो कुंपणाशी येऊन मला काय चालले आहे ते सांगू लागला. आता तो तमिळचे मराठी करीत होता.

"परीक्षक म्हणतात, सुरू करा. बाई म्हणतात, दुपार होऊ द्या."

"मग?"

"बसलेत दोघं. बाईंनी त्यांना ताक दिलं."

साडेबारानंतर तो पुन्हा आला.

"पानं पाहिली. नऊ कापली. दहावं कापत नाहीत. परीक्षक म्हणतात, दहा कापायलाच पाहिजेत, कागदावर दहा आहेत. बाई म्हणतात, हे अजून आईकडेच आहे, फेब्रुवारीत या. परीक्षक म्हणतात, एक गुण जाईल. बाई म्हणतात, जाऊ दे, कलम नको जायला." त्याने मागे वळून मचाणाकडे पाहिले. "सर, दहावं म्हणजे बाईंनी पहिल्या परीक्षेआधी खाच दिलेलं कलम आहे. तेच मागं राहिलंय."

"पान कसं आहे?"

"मी पाहिलं नाही." मग तो परत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्याच्या बोटांना माती लागली होती. "किंचित लोंबतंय. आता मलाही दिसलं."

सत्तावीस तारखेला परीक्षकांचे पत्र आले. नऊपैकी नऊ जगली होती. क्रमांक सात उत्तीर्ण.

प्रमाणपत्र एकोणतीसच्या संध्याकाळी हाती आले आणि तीस जानेवारीला रविवार होता. म्हणून एकतीसला सकाळी, यादी बंद होण्याच्या दिवशी, मी आणि अक्का बसने अंबत्तूरला गेलो. वसाहतीचे रस्ते नुकतेच आखले होते. दोन्ही बाजूंना खड्डे खणून तयार होते आणि त्यांत कोणी केळ्यांच्या साली टाकल्या होत्या. कार्यालयात खिडकीमागे कारकून बसला होता. त्याने प्रमाणपत्र पाहिले, अर्ज पाहिला आणि अर्जाची खालची ओळ बोटाने दाखवली. तेथे शिक्षकाची सही हवी होती. ओळ अशी होती: 'सदर उमेदवाराचे प्रशिक्षण माझ्याकडून पूर्ण झाले आहे.'

मी लेखणी उघडली आणि थांबलो.

"काय झालं?" अक्काने विचारले.

"हे खरं नाही."

"काय खरं नाही?"

"तुझं प्रशिक्षण माझ्याकडून झालेलं नाही. उलट झालं आहे."

"अय्यो, मौळी! चार हजार कुंड्या तिकडं वाट पाहतात आणि तू इथं सत्य शोधतोस? सही कर!"

"खोट्या विधानाखाली मी तेहतीस वर्षांत सही केली नाही."

"मग खोटं साठ कसं लिहिलंस फळ्यावर?"

"ते खोटं आहे हे मला माहीत नव्हतं. हे माहीत आहे."

कारकुनाने आम्हाला काही अडचण आहे का, असे तमिळमध्ये विचारले. मी त्याला विचारले की छापील ओळीत दुरुस्ती चालेल का. तो म्हणाला, दुरुस्तीशेजारी आद्याक्षरे असतील तर चालते. मी 'माझ्याकडून' हा शब्द एका सरळ रेघेने खोडला, वर 'माझ्या उपस्थितीत' असे लिहिले, समासात आद्याक्षरे केली आणि खाली पूर्ण सही केली. कारकुनाने ती वाचलीही नाही. त्याने शिक्का मारला आणि अर्ज गठ्ठ्यावर ठेवला.

"यादी दहा फेब्रुवारीला लागेल," तो म्हणाला.

"लागू दे," अक्का तमिळमध्ये म्हणाली. "रोपं कधी नेता ते सांग. मुळं दहा तारीख पाळत नाहीत. बाहेर खड्डे उघडे पडलेत, त्यांत साली साठल्यात. या आठवड्यात लावली तर जमिनीत अजून ओल आहे."

"अम्मा, ते मला ठरवता येत नाही. साहेबांना विचारावं लागेल."

"विचारून ये की. मी बसते."

ती भिंतीला लागून असलेल्या बाकावर बसली. मी शेजारी बसलो. कारकुनाने थोडा वेळ कागद सारखे केले, आम्ही उठत नाही हे पाहिले, आणि आतल्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने तो परत आला तेव्हा त्याच्या हातात साहेबांच्या सहीची चिठ्ठी होती. शुक्रवार, सकाळी आठ, लॉरी एक, कुंड्या पाचशे. उरलेल्या त्यानंतर टप्प्याटप्प्याने.

"पाचशे?" अक्का म्हणाली. "पहिल्या सहा रांगा आणि सातवीतल्या वीस. त्या तिसऱ्यांदा छाटायच्या राहू देते." ती उठली आणि निऱ्या सारख्या करू लागली. मी चिठ्ठी वहीत उतरवून घेतली, शुक्रवारच्या पानावर.